बाबांच्या सागासाठी पाच दिवस

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावी बाबांनी १९९७ साली एक एकर मुरमाड जमिनीत सागाची हजार रोपं लावली. दोन-दोन मीटरवर, दोरी धरून. तेव्हा एक एजंट गावोगाव फिरत होता. त्याच्या पत्रकावर छापलं होतं की वीस वर्षांत एका झाडाचे लाख रुपये होतील. ते पत्रक बाबांच्या कपाटात अजून आहे. वीस वर्षं कधीच उलटली, त्यावर आठ गेली. हजारातली सहाशे बारा झाडं आज उभी आहेत, आणि मागच्या महिन्यात एका ठेकेदारानं सगळ्या उभ्या झाडांचे मिळून साडेतीन लाख देऊ केले.

दादा म्हणाला, देऊन टाकू. बाबा काहीच बोलले नाहीत.

मी अकोल्याच्या वनविद्या महाविद्यालयात शिकले. झाडांचे घेर मोजणं हे चौदा वर्षं माझं काम आहे, आणि घरच्या सागाला मी एकदाही टेप लावली नव्हती. हे मनाला फार लागलं. दादाला म्हटलं, मला पाच दिवस दे. साग विकतात तिथं जाऊ, वाढतो तिथं जाऊ, मग घरी येऊन ठरवू. दादा नागपूरला बँकेत आहे. दिवाळीआधी रजा मिळणं कठीण, पण तो आला.

पहिला दिवस : नागपूर ते बल्लारपूर

सकाळी सहाला निघालो. बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती. रस्ता ओळखीचा, शिवारात कापूस फुटायला लागलेला, पऱ्हाटीच्या ओळींत बाया वाकलेल्या. चंद्रपुरात दादाच्या मित्राचा फर्निचरचा कारखाना आहे, तिथं चहाला थांबलो आणि दीड तास तिथंच गेला.

कारण तिथं भिंतीला टेकवून पाइनच्या फळ्या ठेवल्या होत्या. खाणीसाठी आणि वीज केंद्रासाठी परदेशातून यंत्रं येतात, ती या लाकडाच्या पेट्यांत भरून येतात. पेट्या फोडल्या की फळ्या स्वस्तात मिळतात. फळी पिवळसर, हलकी, नखानं दाबली तर खूण उमटते. एका फळीवर जाळून उठवलेला शिक्का होता : चौकटीत गव्हाच्या लोंबीसारखं चित्र, देशाची अक्षरं आणि खाली ‘एचटी’. दादानं विचारलं, हा काय प्रकार?

त्या दोन अक्षरांचा अर्थ असा की हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. पाइनच्या लाकडात डोळ्यांना न दिसणारा एक सूत्रकृमी राहतो. मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथल्या पाइनला त्याची सवय आहे, पण विसाव्या शतकात तो जपानला पोचला आणि तिथली पाइनची जंगलं वाळत गेली. १९८२ मध्ये चीनमध्ये सापडला, १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला एक भुंगा नेतो, आणि एका देशातून दुसऱ्या देशात अशाच पेट्या. म्हणून ही भट्टी आणि हा शिक्का.

शिक्क्यावरची अक्षरं न्यूझीलंडची होती. तिथं लावतात तो रेडिएटा पाइन मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. नव्या देशात तो झपाट्यानं वाढला, आणि रोगही मागोमाग आला. डोथिस्ट्रोमा नावाच्या बुरशीनं सुयांवर लालसर पट्टे पडतात, सुया गळतात, झाड खुरटतं. त्यावर १९६० च्या दशकापासून ते विमानातून तांबंयुक्त औषध फवारत आले आहेत. शिवाय निवडलेलं बियाणं, वेळेवर छाटणी, वेळेवर विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून उरलेल्यांना जागा करून देणं. एवढं केल्यावर झाड साधारण २८ वर्षांत तोडणीला येतं.

“२८?” दादा म्हणाला. “आपल्या सागाएवढंच.”

हो, तेवढंच. पण त्याच वयात त्यांचं लाकूड जहाजानं जगभर जातं आणि आमच्या सागाला ठेकेदार बल्लीचा, म्हणजे बारीक वाशाचा, भाव लावतो. दोन जातींची तुलना सरळ होत नाही हे मला कळतं. मऊ लाकडाचं झाड लवकर वाढतं, सागाचा हिशेब निराळा. तरी ‘वेळेवर विरळणी’ हे दोन शब्द तिथून माझ्या डोक्यात बसले ते पाचही दिवस हलले नाहीत.

दुपारी बल्लारपूरच्या लाकूड आगारात पोचलो. आलापल्ली, चंद्रपूरच्या बाजूचा साग इथं लिलावाला येतो. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठीचं सागवान इथूनच गेलं. आतल्या प्रत्येक माणसानं ते आम्हाला सांगितलं आणि सांगताना प्रत्येकाचा चेहरा उजळला.

मैदानभर थप्प्या. लांबी आणि घेराप्रमाणे लठ्ठे वेगळे लावलेले, प्रत्येकाच्या तोंडावर आकडे आणि हातोड्याचा छाप. कापलेल्या सागाला कातड्यासारखा, किंचित तेलकट वास असतो. उन्हात तो जास्तच येतो. आमच्याबरोबर एक मुकादम फिरत होते, साठीच्या पुढचे. म्हणाले, “लाकूड सालीकडून नाही पाहाचं जी, तोंडाकडून पाहाचं.” आणि त्यांनी दोन लठ्ठे दाखवले. पहिल्याच्या कडेला बोटभर पांढरं कच्चं लाकूड, आत सगळा सोनेरी-तपकिरी गाभा. दुसऱ्याच्या मधोमध मूठ जाईल एवढी पोकळी, कडा काळ्या, भुसा झालेला.

“हा वणव्याचा,” ते म्हणाले.

हे नीट सांगायला हवं, कारण सागाचा रोग म्हटलं की लोक पानाकडे पाहतात. उन्हाळ्यात पालापाचोळ्याला लागलेली आग झाडाच्या बुडाशी घुटमळते. एका बाजूची साल करपते. झाड मरत नाही, पुढच्या पावसात हिरवंगार दिसतं. पण त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि वर्षानुवर्षं गाभा खात वर चढते. चाळीस-पन्नास वर्षांनी झाड पडतं तेव्हा कळतं की सगळ्यांत किमती असा बुंध्याचा पहिला तुकडाच पोकळ आहे. कुणीतरी मोहफुलं वेचायला जागा साफ करताना काडी ओढलेली असते. नुकसान त्याच्या नातवाच्या काळात मोजलं जातं.

संध्याकाळी लॉजवर दादाला घनफळाचा हिशेब करून दाखवला. लाकूडबाजारात जुन्या पद्धतीनं घेराचा चौथा हिस्सा घेतात, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणतात. गोलाचं खरं घनफळ याहून चौथाईभर जास्तच भरतं, पण कापणीतली घट धरून ही रीत चालत आली. ४८ सेंटिमीटर घेराचा तीन मीटर लठ्ठा घेतला तर दीड घनफूट. घेर दुप्पट, ९६, तर सहा घनफूट. म्हणजे घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट. त्यात जाड लठ्ठ्यात गाभा जास्त, त्यामुळे घनफुटाचा भावही वरचा.

दादा कागदाकडे बघत राहिला. “मग पैसा उंचीत नाही,” तो म्हणाला, “घेरात आहे.”

दुसरा दिवस : आष्टीमार्गे आलापल्ली

या दिवसाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. कोठारी, गोंडपिपरी, मग आष्टीला वैनगंगेचा पूल. पावसाळा संपून गेला तरी पाणी दोन्ही थड्यांना लागलेलं. पुलानंतर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक. रस्त्याकडेच्या झाडांची पानं लाल धुळीनं माखलेली. एका धाब्यावर भात, वरण आणि झिंग्यांची चटणी खाल्ली. आलापल्लीला पोचायला चार वाजले.

रात्री वीज गेली. अंधारात बसून दादानं मोबाईलवर व्याजाचं गणित मांडलं. रोपं, खड्डे, कुंपण मिळून १९९७ मध्ये बाबांचे तीस हजार लागले होते. ते ८ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर २८ वर्षांत साधारण २ लाख ५९ हजार झाले असते. “साडेतीन लाख म्हणजे तोटा नाही,” तो म्हणाला.

मी म्हटलं, जमीन धरलीस का? त्या एकरात एवढी वर्षं दुसरं काही पिकलं असतं. मार्टिन फाउस्टमान नावाच्या जर्मन माणसानं १८४९ मध्ये नेमकं हेच मांडलं. झाड उभं ठेवणं म्हणजे त्या झाडावर पैसा अडकवणं, आणि त्याच्या खालची जमीनही अडकवणं. पुढची लागवड जितकी लांबते तितकं जमिनीचं भाडं चढत जातं. जगभरचे वनशास्त्राचे विद्यार्थी आजही ते सूत्र शिकतात. आणि व्याजाचा दर थोडा हलवला की सगळं उत्तर फिरतं. रुपयाचे साठ वर्षांत ४ टक्क्यांनी साडेदहा रुपये होतात, ८ टक्क्यांनी एकशे एक. चांगला गाभा धरायला आपल्याकडच्या सागाला साठ ते ऐंशी वर्षं देतात. आठ टक्क्यांची अपेक्षा धरणाऱ्यानं साग लावूच नये असं गणित सांगेल. माझं मत वेगळं आहे. ज्या जमिनीत धान होत नाही, ज्वारी धड होत नाही, तिथं साग उभा राहतो. भाडं कमी असलेल्या जमिनीवर लांबचं पीक परवडतं. बाबांची ती मुरमाड तशीच आहे. वीस वर्षांचं आश्वासन देणाऱ्यानं त्यांना फसवलं, जमीन निवडण्यात मात्र बाबांची चूक झाली नव्हती.

तिसरा दिवस : आलापल्लीची जंगलं

भामरागडच्या रस्त्यावर वनवैभव आहे. अवघं सहा हेक्टरांचं जुनं जंगल, २०१४ पासून जैविक वारसा स्थळ. सकाळी उन्हं वर आल्यावर गेलो. वनरक्षकानं आधीच बजावलं होतं, आठच्या आधी आत शिरायचं नाही, वाघाचा वावर आहे.

आतला साग पाहून दादा बोलायचा थांबला. खोडाला मिठी मारली तर आम्हा दोघांचे हात मिळून पुरले नाहीत. फांदी सुरू होते ती मान मागे टाकून पाहावी लागते. पण मला जास्त बोललं ते हे की एवढे साग एकमेकांपासून दूर दूर आहेत. मधे ऐन आहे, बिजा आहे, बांबू आहे, वेली आहेत. प्रत्येक मोठ्या सागाच्या डोक्यावर त्याचं स्वतःचं आभाळ आहे. साग उजेडाचा हावरा. सावलीत तो तग धरत नाही, खांद्याला खांदा लागला की जाड होणं सोडून नुसता वर पळतो.

तिथून लागवडीच्या एका प्लॉटमध्ये गेलो. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७२ मध्ये उत्पादन वनीकरणाचा आग्रह धरला, १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ झालं, आणि विदर्भात मिश्र जंगल काढून सागाच्या ओळी उभ्या राहिल्या. त्यातून लाकूड मिळालं, रोजगारही मिळाला. पण मोह, तेंदू, चारोळी ही झाडं जिथून गेली तिथल्या बायांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. ती भरपाई कुठल्याच हिशेबात धरली गेली नाही, असं मला कायम वाटत आलं आहे.

प्लॉटमध्ये शिरलो आणि दादा घाबरला. दुरून अख्खा प्लॉट करपल्यासारखा तपकिरी. म्हणाला, “हे तर गेलं!” मी हातात येईल असं एक पान तोडलं आणि उजेडाला धरलं. शिरा सगळ्या शाबूत, मधलं हिरवं गायब. पानाची जाळी झालेली, पलीकडचं आभाळ चौकटी-चौकटींतून दिसत होतं. मधल्या शिरेजवळ रेशमासारखा पातळ पडदा विणलेला आणि त्याखाली पेराएवढी हिरवट अळी. बोट लावलं तशी ती मागे सरकली. हा स्केलेटोनायझर. मध्य भारतात पावसाच्या शेवटी त्याची धाड येते. वनमजुराचा मुलगा बरोबर होता, त्यानं कोवळं पान चुरून तळहात लाल करून दाखवला. लहानपणी आम्हीही मेंदी म्हणून हेच करायचो.

सागाची दुसरी अळी डिफोलिएटर. ती पावसाच्या सुरवातीला, नवी पालवी फुटली की येते आणि जाड शिरा तेवढ्या सोडून सगळं पान फस्त करते. केरळ वन संशोधन संस्थेच्या संशोधकांनी निलंबूरच्या कोवळ्या सागात दोन्ही अळ्यांचा हिशेब मांडला होता, तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. डिफोलिएटरमुळे लाकडाची जी वाढ होऊ शकली असती तिच्यातली ४४ टक्के गेली. आणि ही जाळी करणारी, दिसायला इतकी भयंकर, तिनं म्हणावं असं नुकसान केलं नाही. कारण सरळ आहे. ती येते तेव्हा झाडाची वर्षाची कमाई जवळजवळ झालेली असते, पान तसंही गळायच्या वाटेवर असतं. डिफोलिएटर मात्र पेरणीच्या तोंडावर घरातलं बियाणं खातो. त्याच केरळच्या संस्थेनं डिफोलिएटरच्या अळीला मारणारा विषाणू वेगळा काढून फवारून पाहिला. आणि कपाशीवर आपल्याकडचे शेतकरी जी ट्रायकोकार्डं लावतात, तसल्या ट्रायकोग्रामाच्या, म्हणजे किडीची अंडी मारणाऱ्या चिमुकल्या माशीच्या, जातीवर सागासाठी जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत काम झालं आहे.

“मग आपल्या झाडांना अळीनं नाही मारलं?” दादानं विचारलं.

उत्तर पुढच्या ओळीत होतं. गेल्या वर्षी तिथं विरळणी झाली होती, खुंट उभे होते. सागाच्या लाकडात दर वर्षीचं वलय स्पष्ट उमटतं. पावसाच्या सुरवातीच्या लाकडाला मोठी छिद्रं, नंतरचं घट्ट. म्हणून झाडाचं वय मोजता येतं, आणि कुठल्या वर्षी ते पोटभर जेवलं हेही कळतं. आलापल्लीच्याच सागाच्या वलयांवरून पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी जमिनीतल्या ओलाव्याचा आणि वाढीचा संबंध तपासलेला आहे.

बाटलीतलं पाणी ओतून खुंट ओला केला, रुमालानं पुसला. वलयं उठून आली. दादाला म्हटलं, मधून बाहेर मोजत ये. तो उकिडवा बसला, पेनाच्या टोकानं एक-एक मोजू लागला. पहिली सात वलयं बोटाच्या रुंदीची. आठवं अर्धं. नववं, दहावं, अकरावं इतकी बारीक की नखानं वेगळी करावी लागली. मग बारावं पुन्हा रुंद, तेरावं त्याहून रुंद.

“बाराव्या वर्षी काय झालं?”

वनरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, “तेव्हा विरळणी झाली असेल मॅडम.” त्यानं फोन करून जुन्या वनपालांना विचारलं आणि तसंच निघालं. पहिली विरळणी लांबली होती, अकराव्या वर्षी झाली. शेजारची झाडं गेली आणि पुढच्याच पावसात या झाडानं श्वास घेतला. ते लाकडावर लिहिलेलं होतं.

दादा बराच वेळ खुंटाशी बसून राहिला. मग म्हणाला, “बाबांनी कधीच कापली नाहीत ना?”

नाही. एकही नाही. आठव्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं की निम्मी काढा. बाबा म्हणाले होते, “लेकरावानी वाढवलं जी, कोणतं कापू?” आणि पत्रक छापणाऱ्यानं हजार रोपांचे हजार लाख मोजून दाखवले होते, त्यात विरळणीचा शब्द नव्हता. हजारातली अर्धी पहिल्या दहा वर्षांत काढायची असतात आणि एकरात शेवटी शंभर-सव्वाशेच मोठी करायची असतात, हे रोपं विकणारा कशाला सांगेल? जेवढी जास्त रोपं तेवढा त्याचा धंदा. माझा राग त्या अळीवर कधीच नव्हता.

चौथा दिवस : मेंढा (लेखा)

आलापल्लीहून गडचिरोली, तिथून धानोऱ्याच्या रस्त्यानं मेंढा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ज्या गावाची, ते हे गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली १८०९ हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा आणि तो कोण देणार यावर अडलं होतं. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं.

आम्ही ग्रामसभेच्या घरात बसलो, चहा झाला. तिथल्या एका बाईंनी दादाला विचारलं, “तुमचा साग पैसा कधी देते?” दादा म्हणाला, अजून तीस वर्षांनी. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमचा बांबू दरसाल देते. मोह दरसाल, तेंदू दरसाल. साग तर आमच्याकडंही आहे, तो उभाच राहते.”

हे मी कुठल्याही पुस्तकात इतक्या थोडक्यात वाचलं नव्हतं. दरसाल हातात येणारा पैसा घर चालवतो म्हणून साठ वर्षांचं झाड साठ वर्षं उभं राहू शकतं. ज्याच्याकडे एकच एकर आणि त्यावर फक्त सागच, त्याला लेकीच्या लग्नात किंवा दवाखान्याच्या बिलात तो कच्चाच विकावा लागतो. ठेकेदाराला हे पक्कं माहीत असतं.

गडचिरोलीला मुक्काम. बाबांचा फोन आला, कुठं पोचलात, जेवलात का. सागाबद्दल काही विचारलं नाही.

पाचवा दिवस : घरी

आरमोरीला झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं लागायला सुरवात झाली होती. वैनगंगा ओलांडली, ब्रह्मपुरीला चुना आणि गेरू घेतला, अकराला घरी. बाबा धुऱ्यावर उभेच होते.

जेवण नंतर, आधी टेप. छातीच्या उंचीला, जमिनीपासून १.३७ मीटरवर, एकेक झाड. मी घेर सांगायची, दादा वहीत लिहायचा, बाबा पुढच्या झाडाचा पाला बाजूला करून द्यायचे. आतल्या ओळींत ४६, ४९, ४४, ५१. खोडं काठीसारखी सरळ, डोक्यावर झाडूएवढा शेंडा. मग धुऱ्याकडच्या शेवटच्या ओळीला आलो, जिच्या एका बाजूला धानाची बांधी, म्हणजे मोकळं आभाळ. ९३. ९६. ८८. एकाच दिवशी लावलेली, एकाच गठ्ठ्यातली रोपं, एकाच जमिनीत. मधे दोन मीटरांचं अंतर आणि अर्धा-अर्धा दिवस उन्हाचा फरक.

बाबा त्या ९६ च्या झाडावर हात ठेवून उभे राहिले. “हे मी रोज पाहतो,” म्हणाले. “मले वाटे, बांधीतलं पाणी लागते म्हणून मोठं झालं.”

मी त्यांना खरं तेच सांगितलं. आता विरळणी केली तरी आठव्या वर्षी केली असती तेवढा उपयोग होणार नाही. शेंडे लहान झाले आहेत, ते पसरायला काही वर्षं जातील. एकदम निम्मी काढली तर वाऱ्यानं उरलेली वाकतील, उघड्या पडलेल्या खोडांवर कोंब फुटतील. म्हणून दोन टप्प्यांत. आधी दबलेली, दुबेळकी, बांडगूळ चढलेली, बुडाशी पोकळ वाजणारी. चार-पाच वर्षांनी पुन्हा. आताच्या बल्ल्यांचे फार पैसे येणार नाहीत, पण ठेकेदाराला सगळं देण्यापेक्षा जे उरेल ते दरवर्षी जाड होईल. सागाची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते तलाठ्याकडे पाहायचं, १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली परवानगी काढायची, वाहतुकीचा पास काढायचा. ते काम दादानं घेतलं. साडेतीन लाखांना नाही म्हणायचा फोनही त्यानंच केला, तिथंच धुऱ्यावरून.

मोकळी होणारी जागा पडीक ठेवायची नाही, हे मेंढ्याहून येतानाच आमचं ठरलं होतं. धुऱ्यानं बांबू लावायचा. खासगी जमिनीवरचा बांबू २०१७ पासून कायद्यानं झाडांत मोजला जात नाही, त्यामुळे तोडीची भानगड कमी.

मग चिन्हं करायची वेळ आली. ठेवायच्या झाडाला चुन्याचा पट्टा, काढायच्या झाडाला गेरूची फुली. डबा मी बाबांच्या हातात दिला. पहिल्या झाडाशी ते थांबले, माझ्याकडे पाहिलं. दोन धडधाकट झाडांच्या मधे अडकलेलं, ३८ घेराचं, शेंडा वाळलेलं झाड होतं. मी मान हलवली. त्यांनी फुली मारली. दुसरं मी दाखवलं, तिसरंही. चौथ्यापासून ते स्वतःच वर पाहायला लागले, कोणाच्या डोक्यावर आभाळ आहे आणि कोणाच्या नाही. दोनदा त्यांनी मला चुकीचं ठरवलं आणि दोन्हीदा ते बरोबर होते, कारण ते झाड पूर्वी वाकडं होतं आणि गेल्या पाच वर्षांत सरळ आलं हे त्यांना ठाऊक होतं, मला नाही.

ऊन उतरेपर्यंत एकशे अठ्ठ्याण्णव फुल्या झाल्या. डबा संपला.

हात धुताना बाबांनी विचारलं, “खुंटाले फुटवा येईल ना?”

“येईल. उजेड मिळाला तर पहिल्याच पावसात.”

“मग तोडणाऱ्याले सांगजो,” ते दादाला म्हणाले, “जमिनीलगत काप म्हणावं. उंच खुंट नाही ठेवाचा.”